अर्धवट राहिलेल्या गोधड्या पुऱ्या कशा करायच्या

गेल्या वर्षी गणपती गेल्यावर माळा झाडायला काढला तेव्हा पत्र्याच्या ट्रंकेतून माझ्या एकूण सात अर्धवट गोधड्या निघाल्या. त्यात दोन बाळाची दुपटी, एक शर्टांच्या तुकड्यांची, एक नुसती टाचून ठेवलेली, आणि तळाशी आजीच्या हातची निम्मी राहिलेली लुगड्याची गोधडी. आज त्यातल्या पाच पुऱ्या झाल्यात आणि सहावी अर्ध्याच्या पुढे गेलीये. आमच्या वाडीतल्या दोन-तीन जणींनी विचारलं की एवढं कसं उरकलंस, तेव्हा तोंडी सांगताना मधलं बरंच सुटतं म्हणून नीट लिहूनच काढते.

एक गोष्ट आधीच सांगते कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. ज्या गोधडीचा धनी ठरलेला असतो ती पुरी होते. कोणाच्या अंगावर जाणार हे ठरलं नाही तर रंग कुठला, जाडी किती, लांबी किती, काहीच ठरत नाही आणि हात थांबतो. माझ्या सातपैकी पाच गोधड्या याच कारणाने थांबल्या होत्या, हे मला सगळ्या एकत्र पसरल्यावर कळलं.

सगळी गाठोडी एकाच दिवशी उघडा

कोकणात हे काम पावसात अजिबात काढू नका. जून ते सप्टेंबर हवेतच इतकं पाणी असतं की बाहेर काढलेलं कापड दोन तासात दमट होतं आणि तसंच परत ट्रंकेत गेलं की महिन्याभरात बुरशी धरते. ऑक्टोबरमधलं कडक ऊन याला सगळ्यात चांगलं, नाहीतर मग मे महिना, आगोटीची (पावसाआधीच्या साठवणीची) कामं चालू असतात तेव्हा पापड-आमसुलांच्या शेजारी एक दोरी गोधड्यांची (आमसुलांपासून लांबच ठेवा हं, रस उडाला की डाग बसतो).

खळ्यात किंवा ओटीवर जुनी चादर अंथरा आणि एकेक गाठोडं सोडा. सोडलं की आधी वास घ्या. कुबट वास, काळे ठिपके, कसरीने पाडलेली भोकं, झुरळांची घाण, हे सगळं आधी बघायचं, नक्षी नंतर. बुरशी दिसली तर ती घराबाहेर नेऊन, नाकातोंडाला फडकं बांधून कोरड्या ब्रशने झटकायची, मग दोन-तीन दिवस उलटसुलट उन्हात टाकायची, आणि शेवटी कोमट पाण्यात साबणाने धुवून, मग खळबळायच्या पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर घालायचं. काळे ठिपके तरी राहिले तर राहूदेत पण तिथलं कापड दोन्ही हातांनी हलकं ताणून बघा, चर्रर्र आवाज आला तर तो भाग कापून टाका. वरून ठिगळ लावून झाकू नका, आत बुरशी जिवंत असेल तर पुढच्या पावसात ती ठिगळालाही धरते.

माझं शर्टांचं गाठोडं याच पायी खराब झालं होतं. ट्रंक बाहेरच्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीला टेकून ठेवलेली, भिंत पावसात पाणी ओढते, आणि वरून मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवलेलं, म्हणजे आतला दमटपणा आतच. सव्वीस तुकड्यांतले नऊ टाकावे लागले.

आता प्रत्येक गोधडी का थांबली ते शोधा

हे मी वहीत लिहिलं आणि प्रत्येक गोधडीला कापडाची चिठ्ठी टाचली. कागदाची चिठ्ठी लावू नका, दमट होऊन फाटते आणि शाई पसरते. चिठ्ठीवर तीनच गोष्टी लिहायच्या: का थांबली, पुढचं काम काय, कोणासाठी.

कारणं फिरून फिरून तीच निघतात. कापड कमी पडलं, दोऱ्याची ती शेड संपली आणि परत मिळाली नाही, आतले थर सरकून मध्ये फुगा आला, किंवा जिच्यासाठी काढलं होतं ते बाळ शाळेत जायला लागलं. यातलं फुगा सोडून बाकी एकही कारण खरं तर अडवणारं नाही.

मग तीन ढीग. एक, फक्त काठ किंवा शेवटच्या काही ओळी राहिलेल्या. दोन, मधल्या, ज्यांची दुरुस्ती करून पुढे जाता येईल. तीन, ज्या आता तुम्हाला नकोच आहेत. तिसऱ्या ढिगाबद्दल वाईट वाटून घेऊ नका, टाचलेलं उसवून ते कापड दुसऱ्या गोधडीच्या आत थर म्हणून घाला, किंवा मोठी गोधडी कापून दुपटं करा. माझी एक सहा बाय साडेचार फुटाची होती, तिचा एक कोपराच नीट शिवून झालेला, तेवढा साधारण एक मीटर बाय एक मीटर चौकोन कापून काठ लावला आणि भाचीच्या बाळाचं दुपटं चार दिवसात तयार झालं.

सुरुवात पहिल्या ढिगापासून करा. लहान का असेना पण एक घडी करून कपाटात ठेवली की हाताला परत सवय लागते, आणि मोठी काढायला धीर येतो.

फुगा कसा काढायचा

हे जरा सविस्तर सांगते कारण सगळ्यात जास्त गोधड्या इथेच अडतात. फुगा येतो तो टाचण विरळ घातल्याने, किंवा वरचं कापड आधी धुतलेलं आणि आतलं कोरं असल्याने, कोरं सुती कापड पहिल्या धुण्याला आटतं आणि वरचं सैल पडतं. किंवा मग आत एखादी सिंथेटिक साडी घातलेली असते, ती घसरते. सिंथेटिक साड्या गोधडीत घालूच नका असं माझं स्पष्ट मत आहे, आपल्याकडच्या घामट हवेत ती अंगाला चिकटते आणि घाम पीत नाही.

फुग्याच्या भोवतीच्या तीन-चार ओळी उसवा. ओढून तोडू नका, दर चार-पाच टाक्यांनी दोरा कातरीने कापा आणि मागच्या बाजूने ओढून घ्या. मग गोधडी जमिनीवर सपाट पसरा, फुग्यावर हाताने थोडं पाणी शिंपडा, आणि तळव्याने मधून बाहेरच्या बाजूला कापड सारत न्या. जास्तीचं कापड काठापर्यंत जात नसेल तर फुग्याच्या जागी एक बारीक चुणी घालून ती सपाट दाबा आणि वर छोटं ठिगळ लावा, ठिगळ हा गोधडीचा दागिनाच आहे, कोणी नावं ठेवत नाही. वाळल्यावर परत टाचण घाला, या वेळी चार बोटांच्या अंतरावर. बरेच जण वीतभर अंतर ठेवतात, हात तयार असेल तर ते चालतं, नाहीतर परत तोच फुगा येतो.

परत सुई लावताना

दोरा जाड सुतीच घ्या. लांबी दीड हातापेक्षा जास्त नको, लांब घेतला की गुंता होतो आणि कापडातून सारखा ओढला जाऊन झिजतो. दोरा मधमाशांच्या मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घेतला तर सुरळीत चालतो. गाठ थरांच्या आत लपवायची, वर ठेवली की ती टोचते, आणि बाळाच्या दुपट्यात तर अजिबात ठेवू नये.

बोटात अंगुस्तान घालाच. पाच-सहा थरांतून सुई ढकलताना मधल्या बोटाच्या टोकाची काय अवस्था होते ते दोन दिवसात कळतं.

जुन्या दोऱ्याची शेड मिळत नसेल तर जुळवत बसू नका. जवळची शेड घेतली तर ती चूक वाटते, एकदम वेगळी घेतली तर ती ठरवून केल्यासारखी दिसते. फक्त नवीन दोरा ओळीच्या मध्येच सुरू न करता कोपऱ्यापासून सुरू करा, आपली पद्धत काठाकडून आत आत चौकोनात येण्याची असते, त्यामुळे एका फेरीपासून रंग बदलला की छान पट्टा दिसतो. आणि थोडंसंच रफू करायचं असेल तर त्याच साडीच्या काठातून धागे उपसून काढा. बंगालमध्ये कांथासाठी पूर्वी साडीच्या काठाचेच धागे वापरायचे, रंग आपोआप जुळतो.

किती दिवस लागतील याचा हिशोब आधी मांडला की भीती जाते. समजा गोधडी ५ फूट बाय ४ फूट आहे आणि ओळींमध्ये एक इंच अंतर आहे, तर एकूण धावदोरा होतो जवळपास २४० फूट. दीड हात दोऱ्यात साधारण दोन फूट शिवून होतं. रोज तीन सुया ओवून संपवल्या तर सहा फूट, म्हणजे कोरी गोधडी ४० दिवसात. निम्मी झालेली असेल तर २० दिवस. अनंत चतुर्दशीला बसलात तर दिवाळीच्या आत पुरी गोधडी हातात येते. मी घड्याळ लावत नाही, तीन सुया संपल्या की उठते, आणि सकाळी पडवीत उजेड असतो तेव्हाच बसते, रात्री ट्यूबखाली गडद कापडावर गडद दोरा दिसत नाही आणि टाके वाकडे जातात. पाठ भिंतीला टेकवून बसा, गोधडी मांडीवर गोळा न करता जमिनीवर पसरलेली राहूदे, तिचं वजन खांद्यावर येत नाही.

दुसऱ्याच्या हातची निम्मी गोधडी असेल तर

आजीची गोधडी मी सगळ्यात शेवटी उघडली. चार थर, वर चॉकलेटी लुगडं, आणि काठाकडून आत येत गेलेल्या बरोब्बर अठरा फेऱ्या. टाके तांदळाच्या दाण्याएवढे, सगळे सारखे. अठराव्या फेरीत मध्येच सुई तशीच खोचलेली, दोरा ओवलेला, वीतभर उरलेला. सुई गंजून कापडाला चिकटली होती आणि काढल्यावर तिच्या जागी लांबट तांबडा डाग आणि दोन बारीक भोकं.

गंजाच्या डागावर लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवलं तर ताजा डाग बराच फिका होतो. पण जुना गंज कापड खातो, तिथे चोळाचोळी केली तर भोक मोठं होतं, म्हणून मी तो डाग तसाच ठेवला आणि त्याच लुगड्याच्या काठाचं बोटभर ठिगळ वरून लावलं. आणि तिचे टाके उसवले नाहीत. माझे टाके तिच्याएवढे बारीक येत नाहीत, चार-पाच दिवस प्रयत्न केला, मग सोडून दिला आणि माझ्या हाताने माझे घातले. एकोणिसाव्या फेरीपासून दोरा लाल. आता बघणाऱ्याला कळतं की इथपर्यंत आजी आणि इथून पुढे नात. तुमच्याकडेही सासूची, आईची अशी निम्मी असेल तर कृपा करून ती उसवून "नीट" करू नका, जिथे थांबली तिथून पुढे जा.

धनीही ठरवला. ही माझ्या आईची.

कापड किती लागेल

कमी पडलं म्हणून थांबलेली असेल तर बाजारात जायच्या आधी घरातल्या साड्या मोजा. साडेपाच मीटरच्या पाचवारीतून सहा फुटाचे तीन थर निघतात. नऊवारीतून सहा फुटाचे चार निघतात आणि वर अर्धा उरतो, तो काठाला आणि ठिगळांना होतो. पण जुनेर मधोमध विरलेलं असतं, म्हणून खिडकीसमोर उजेडात धरून बघा, जिथून उजेड जास्त दिसतो तो भाग आत घाला आणि घट्ट भाग वर. कोकणात चार थर पुष्कळ झाले, घाटावरच्यासारख्या जाड गोधड्या इथे वाळत नाहीत आणि थंडीही तेवढी नसते.

नवीन कापड घ्यावंच लागलं तर आधी धुवून आटवून घ्या. लाल, गडद निळं, काळं असेल तर ओलं पांढरं फडकं त्यावर घासून बघा, रंग लागला तर पाणी स्वच्छ येईपर्यंत वेगळं धुवत राहा.

नवीन काय करावं हे सुचत नसेल तर

मोबाईलवर शेकडो डिझाइनं दिसतात आणि ती बघून बघून हातातलं जुनं फिकं वाटायला लागतं, निदान माझं तरी असं व्हायचं. म्हणून मी सहा महिने ते बंद केलं आणि आजूबाजूला बघायला लागले.

पहिलं डिझाइन सापडलं आमच्याच गडग्याशेजारच्या भिंतीत. चिऱ्याची भिंत बघा, प्रत्येक चिरा खालच्या दोन चिऱ्यांच्या जोडावर बसलेला असतो. शर्टांच्या उरलेल्या तुकड्यांना हे इतकं फिट्ट बसलं की काय सांगू. तुकडा तयार झाल्यावर ६ इंच बाय ४ इंच हवा, म्हणून साडेसहा बाय साडेचार कापायचा, चारी बाजूंनी पाव इंच शिवणीत जातो. शर्टाच्या पाठीतून १२ ते १५ तुकडे निघतात. एका ओळीत सहा तुकडे, आणि दुसऱ्या ओळीत पाच पूर्ण आणि दोन टोकांना दोन अर्धे, अर्धा म्हणजे साडेतीन इंच रुंद कापायचा. अशा नऊ ओळी आधी वेगवेगळ्या पट्ट्या म्हणून शिवा, मग पट्ट्या एकमेकींना जोडा, ३६ इंचाचं चौकोनी दुपटं होतं. मशिनवर एका दुपारचं काम आहे. विटकरी, तपकिरी, राखाडी शर्ट असतील तर हुबेहूब भिंत दिसते, आणि मध्ये एखादा शेवाळी हिरवा तुकडा टाकला की पावसाळ्यातली भिंत.

दुसरं, कातळशिल्पं. राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर (उघड्या कातळाच्या माळावर) जो भला मोठा हत्ती कोरलाय त्याच्या पोटात इतर प्राणी, मासे असं कितीतरी आहे. २०२२ मध्ये कोकणातली ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली तेव्हापासून बघायला येणारे वाढलेत, पण शिवणाऱ्या बायकांनी जाऊन बघावीत असं मला मनापासून वाटतं. नुसत्या रेषेचं काम आहे, म्हणजे धावदोऱ्याचंच. राखाडी किंवा तांबूस साध्या कापडावर पांढऱ्या जाड दोऱ्याने एकच मोठा आकार काढायचा आणि त्याच्या आत लहान लहान. आधी खडूने काढून घ्या. आकार पुरा झाला की बाहेरची जागा नेहमीच्या ओळींनी भरा.

रंग सुचत नसतील तर सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, बघा. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे प्रत्येकी १२ असे १२० गोल पत्ते असतात, आणि रंग एकमेकांशेजारी किती धीटपणे ठेवलेत ते बघण्यासारखं आहे. मी त्यावरून पिवळा, लाल आणि शेवाळी असे तीन धरले आणि उरलेलं सगळं पांढरट ठेवलं. तीनच्या वर गेलं की माझा गोंधळ होतो.

आणि जरा खाली कर्नाटकात, कारवारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात उतरलात तर हल्याळ, यल्लापूर भागात सिद्दी (मूळच्या आफ्रिकी वंशाच्या) बायकांच्या कवंदी, म्हणजे त्यांच्या गोधड्या, बघायला मिळतात. त्याही काठाकडून आत शिवत येतात, आपल्यासारख्याच, पण चार कोपऱ्यांना कापडाच्या घडीची त्रिकोणी फुलं लावतात, आणि फुलांशिवाय कवंदी उघडी वाटते असं मानतात. माझ्या दोन गोधड्यांचे कोपरे कधीच टोकदार येत नव्हते, तिथे ही फुलं लावली आणि प्रश्नच मिटला. तीन इंचाचा चौकोन तिरका दुमडा, परत दुमडा, आणि काठ शिवताना त्याची उघडी बाजू आत अडकवा.

लांबचं एकच सांगते. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या गावातल्या कृष्णवर्णीय बायका शेतावरच्या फाटक्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवायच्या, त्यांचं २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात प्रदर्शन लागलं आणि २००६ मध्ये त्यांवर टपाल तिकिटं निघाली. फोटो मिळाले तर पट्ट्या किती वाकड्या आहेत ते बघा, आणि तरी नजर हटत नाही. घरातल्या पुरुषांच्या जुन्या पँटी कशाला होतात असं वाटत असेल तर त्या बघितल्यावर वाटणार नाही.

काठ, धुणं, ठेवणं

काठासाठी साडीच्या काठाची अडीच इंच रुंद पट्टी घ्या, उलट बाजूने शिवून पुढे दुमडा आणि हाताने टाका घाला. काठ झाल्यावर एका कोपऱ्यात धन्याचं नाव आणि साल दोऱ्याने शिवा. आजीने ते केलं असतं तर आज मला कळलं असतं की तिने ती कधी काढली होती.

धुवायची ती उन्हाच्या दिवशी सकाळी लवकर, आणि पिळायला दोघं लागतात. एका दोरीवर न टाकता दोन दोऱ्यांवर पसरून टाका, नाहीतर पाण्याच्या वजनाने मध्येच ताणली जाते. आंब्याच्या झाडाखाली वाळत घालू नका, चिकाचा डाग बसतो, आणि काजूच्या बोंडांचा डाग तर जन्मात जात नाही.

ठेवताना जुन्या सुती चादरीत गाठोडं, आत वेखंडाचे दोन तुकडे किंवा सुकवलेली कडुलिंबाची पानं, ट्रंक विटांवर आणि भिंतीपासून हातभर लांब. सुया कापडात खोचून ठेवू नका, टाल्कम पावडरच्या छोट्या डबीत ठेवल्या तर पावसातही गंजत नाहीत. पावसाची उघडीप मिळेल तेव्हा गाठोडं सोडून घडी बदला.

आता माझ्याकडे ट्रंकेत शेवटचं राहिलंय ते दुसरं दुपटं. त्याच्या चिठ्ठीवर "कोणासाठी" पुढे वर्षभर काही लिहिलेलं नव्हतं, गेल्या आठवड्यात शेजारच्या घरून बातमी आली आणि रात्रीच नाव लिहून टाकलं. उद्या सकाळी त्याची पहिली सुई.